आजी गेली, पण तिचं वय नक्की किती होतं?

भीमाकाठ (धागाकर्ता) | २ फेब्रुवारी २०२५, रात्री ९.१२

संक्रांत झाली आणि चौथ्या दिवशी आजी गेली. वडिलांची आई. गाव करमाळा तालुक्यात, भीमेच्या काठाला. म्हणजे आता उजनीच्या फुगवट्याच्या काठाला, जुनं गाव पाण्यात आहे. दुखणं काही नव्हतं. सकाळी चहात भाकरी कुस्करून खाल्ली, उन्हाला बसली आणि बसल्या जागी मान टाकली.

तेराव्याच्या कार्डावर थोरल्या चुलत्यांनी 'वय १०१' छापलं. आधारवर ०१/०१/१९२५ आहे, म्हणून शंभर पूर्ण, एकशे एकावं चालू, असा त्यांचा हिशोब. चुलतभावाने पेपरात बातमी दिली त्यात ९६. कुठून आणलं विचारलं तर म्हणाला, 'शंभर लिहिलं की लोकांना खोटं वाटतं.' आणि तेराव्याला जेवणं उरकल्यावर आत्या हळूच म्हणाली, 'आईची शंभरी कुठली रं. थोरला भाऊ रझाकाराच्या सालातला. पहिलं पोर काय पंचविसाव्या वर्षी झालं व्हय तिला? त्या काळात?' चुलते उठूनच गेले.

आजीला स्वतःला विचारलं की एकच उत्तर यायचं, 'म्या काय पंचांग घिऊन जल्मले व्हय?' पण काही गोष्टी ती शंभरदा सांगायची आणि दर वेळी तशाच सांगायची. सिंहस्थात लग्नं बंद होती, तो फिटला आणि त्याच उन्हाळ्यात तिचं लगीन झालं. सासूने ओवाळलं तेव्हा ताटात कुणीतरी भोकाचा पैसा टाकला होता, तो तिने करगोट्याच्या दोऱ्यात ओवून बरीच वर्षं जपला. बोहल्यावर जाताना लुगडं पायात येत होतं म्हणून मामाने कडेवर घेऊन उभं केलं, हे सांगताना तोंडाला पदर लावून हसायची. आणि रझाकाराच्या वर्षी थोरला पोटात होता.

इथे जुन्या गोष्टींचे जाणकार बरेच आहेत. एवढ्यावरून काही लागतं का?

माळरान | २ फेब्रुवारी, रात्री ९.५०

आजींना श्रद्धांजली. पण खरं सांगू का, ९६ काय आणि १०१ काय, काय फरक पडतो? पिकलं पान होतं. बसल्या जागी गेल्या, असं मरण भाग्याचं.

भीमाकाठ | २ फेब्रुवारी, रात्री १०.०५

फरक पडतो हो. आजोबांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर आहे. चौथी झाले होते ते. आमच्या बैलांच्या खरेदीच्या पावत्यासुद्धा ट्रंकेत आहेत, तारखेसकट. तिचंच तेवढं कशावर काही नाही.

ढब्बू पैसा | २ फेब्रुवारी, रात्री १०.४१

नाणी गोळा करायचा नाद आहे म्हणून बोलतो. मधे भोक असलेला तांब्याचा पैसा १९४३ ते १९४७ याच काळात पाडला गेला. लढाईमुळे धातूची टंचाई होती, म्हणून मधला भाग वगळून तांबं वाचवलं. तेव्हा लग्न १९४३ च्या आधीचं असूच शकत नाही. वरची हद्द मात्र या पैशाने ठरत नाही. १९५७ मध्ये नवे पैसे आले तरी जुने लोकांच्या गाठीला होतेच.

आमच्याकडे ही नाणी बायका भोकात दोरा घालून लेकरांच्या कमरेला बांधायच्या. माझ्या संग्रहातल्या अर्ध्या नाण्यांवर दोऱ्याने झिजल्याची खूण आहे. बाजारात अशा नाण्याला किंमत कमी, पण मी मुद्दाम तीच घेतो.

सीनाकाठ | ३ फेब्रुवारी, सकाळी ७.२०

आमचं गाव परांडा तालुक्यात, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या राज्यात. सीना ओलांडली की करमाळा, इंग्रजी मुलूख. रझाकारांचा जोर झाला तेव्हा आमच्या घरची बायकापोरं रात्रीतून गुरं हाकत करमाळ्याच्या बाजूला गेली. माझी आजी सांगायची, भाकरीचं पीठ होतं पण तवा विसरला, दोन दिवस कण्या शिजवल्या. बार्शीकडे तर मोठ्या छावण्या होत्या.

'रझाकाराचं साल' म्हणतात ते १९४८ चं. पोलीस ॲक्शन सप्टेंबरात, १३ ते १७ तारखेत उरकली. पण धामधूम ४७ च्या पावसाळ्यानंतरच सुरू झाली होती. म्हणजे तुमचे चुलते ४८ चे किंवा फार तर ४९ च्या सुरुवातीचे.

पंचांगवाली | ३ फेब्रुवारी, सकाळी ११.०२

नाशिकचा सिंहस्थ १९३२, १९४४, १९५६, १९६८ असा येतो. गुरू सिंहेत होता १९४४ च्या पावसाळ्यापासून साधारण पुढच्या पावसाळ्यापर्यंत. म्हणजे ४५ चा लग्नाचा मोसम बुडाला. 'फिटला आणि त्याच उन्हाळ्यात' म्हणजे १९४६ चे चैत्र-वैशाख. भोकाच्या पैशालाही जुळतं, थोरल्या मुलालाही जुळतं.

आता लग्नात वय काय धरायचं? तेरा-चौदा धरलं तर जन्म १९३२ च्या आसपास. गेल्या तेव्हा ब्याण्णव-त्र्याण्णव. पुढचा सिंहस्थ १९५६ चा, तो तर शक्यच नाही.

तर्कट | ३ फेब्रुवारी, दुपारी १२.३०

एक शंका. शास्त्राप्रमाणे सिंहस्थातला लग्नाचा निषेध गोदावरीच्या उत्तरेला. भीमाकाठाला तो लागूच होत नाही. तेव्हा हा पुरावा कच्चा.

पंचांगवाली | ३ फेब्रुवारी, दुपारी १२.५५

शास्त्र काय म्हणतं ते तुम्ही सांगा, गावचे भटजी काय म्हणत होते ते त्यांच्या आजीने सांगितलंय. मी आजीचं धरते.

तलाठी आप्पा (निवृत्त) | ३ फेब्रुवारी, रात्री ८.१५

३१ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीच तुमच्याच बाजूला. १९२५ कुठून आलं ते मी न बघता सांगतो. घरात जुनं मतदार ओळखपत्र असेल तर काढा. त्यावर '१.१.१९९५ रोजी वय' असा रकाना असतो. तिथे ७० लिहिलेलं असणार. दारात माणूस आला, म्हातारीकडे बघितलं, तोंडात दात नाहीत, लिहिलं ७०. पुढे आधारवाल्याने ९५ मधून ७० वजा केले आणि तारीख माहीत नाही म्हणून १ जानेवारी टाकली. अर्ध्या तालुक्यातल्या म्हाताऱ्या १ जानेवारीला जन्मलेल्या आहेत आणि शाळेत गेलेले म्हातारे १ जूनला.

वय वाढवून सांगायला आणखी एक कारण असायचं. श्रावणबाळ योजनेला ६५ पूर्ण लागतात. उन्हात राबलेली साठीची बाई ऐंशीची दिसते, कुणी हटकत नाही. यात मी कुणाला दोष देत नाही. त्या पैशावर किती जणींची औषधं चालली ते मला माहीत आहे.

खरा पुरावा पाहिजे तर एकच जागा. तुमच्या आजीच्या माहेरच्या गावचं कोतवाल बुक. जन्ममृत्यूची नोंद, जुना गाव नमुना १४. मोडीत असेल. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ पासून ही दप्तरं सगळीकडे बाहेर काढली, पुसली, स्कॅन केली, त्यामुळे आता मिळणं सोपं आहे. तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा. आजीचं नाव शोधू नका, मुलींची नावं त्यात सहसा नसतात. तिच्या वडिलांचं नाव शोधा.

भीमाकाठ | ३ फेब्रुवारी, रात्री ९.३०

आप्पा, ट्रंक उघडली. ओळखपत्रावर १.१.१९९५ रोजी वय ७०. दंडवत घ्या.

मुक्काम न्यू जर्सी | ४ फेब्रुवारी, सकाळी ६.४४

इतका वेळ नुसतं वाचत होते. वजाबाकी छान चालली आहे, पण आजींबद्दल आणखी सांगा ना. काय करायच्या, काय खायच्या, कशाला रागवायच्या. माझी आजी माण तालुक्यातली. ती गेली तेव्हा मी इथे होते, व्हिडिओवर बघितलं सगळं. तिच्या हातावर काय गोंदलेलं होतं ते आज आठवत नाही, आणि विचारायला कुणी राहिलं नाही.

भीमाकाठ | ४ फेब्रुवारी, रात्री ११.१८

आजीच्या हातावर तुळशीवृंदावन होतं आणि कपाळावर एक ठिपका. ताई, लिहितो. लांबलं तर सांभाळून घ्या.

ती मालदांडीशिवाय दुसरी ज्वारी खात नसे. सत्तरच्या आसपास हायब्रीड आलं तेव्हा आजोबांनी पावसाळ्यात एक तुकडा पेरून बघितला. दाणा उतरला दुप्पट, पण आजीने भाकरी केली आणि ताटलीत वाजवून दाखवली. 'ही बैलाला घाला, आन् बैलानं नाय खाल्ली तर मला बोल लावू नका.' पेरणीला पाभरीमागून मोघण, म्हणजे वेगळी ओळ पेरायची नळी, धरायची ती. करडईची ओळ तिच्या हातची. चाड्यावर, म्हणजे पाभरीच्या बी सोडायच्या वाटीवर, मूठ मात्र आजोबांची, तिथे बाईचा हात चालत नसे. एकदा आजोबांना ताप होता आणि हस्ताचा वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, मोडत चालला होता, तेव्हा तिने चाडं धरलं. त्या वर्षी पीक कसं आलं विचारलं की म्हणायची, 'जसं येतं तसंच आलं. जमिनीला काय दिसतंय कुणाचा हात हाय?'

बहात्तरच्या दुष्काळात तिने पाझर तलावावर माती वाहिली. धाकटे चुलते तान्हे, त्यांना बाभळीला झोळीत बांधायचं. रेशनला अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो मिळायची आणि कामावर सुकडी. सुकडीचा वास तिला शेवटपर्यंत आठवायचा. गंमत म्हणजे तिला ती आवडायची. घरात सगळ्यांनी नावं ठेवली, पण ती म्हणायची, 'गोड व्हती. आयती व्हती. जल्मात पैल्यांदा दुसऱ्यानं रांधल्यालं खाल्लं.'

मग धरण. काम १९६९ पासून चाललं होतं, पण पाणी येईल यावर गावात कुणाचा विश्वास नव्हता. पहिल्यांदा काळी गेली, म्हणजे नदीकाठची रानं. मग पांढरी, म्हणजे गावातली घरं. आजोबा कचेरीत हेलपाटे घालत होते तेव्हा ही एकटी घर उतरवत होती. वासे, तुळया, चौकटी, सगळं बैलगाडीत घालून नव्या गावठाणात. जातं आणलं, उखळ आणलं. उंबरा निघेना, तो तिथेच राहिला. नवं गावठाण म्हणजे माळ. तिथे पहिली चार वर्षं प्यायचं पाणी डोक्यावरून, समोर एवढा समुद्र असताना.

धरणाला ती कधी धरण म्हणाली नाही. 'नदी चढलीया', 'नदी उतरलीया', असंच. गेल्या उन्हाळ्यात, २०२४ ला, उजनी फारच खाली गेली, जुनं गाव उघडं पडलं. पळसदेवच्या देवळाचे फोटो सगळ्यांनी बघितले असतील. आजी हट्टाला पेटली, मला न्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खाट टाकून नेली. चिखल वाळून भेगा पडलेल्या, सगळीकडे शिंपले आणि चिलापीचे काटे. आमच्या घराचं दगडी जोतं आणि एक कंबरभर भिंत उभी होती. उंबरा दिसला, त्याला तिने हात लावला. मग काठीने भिंतीजवळचा गाळ उकरत बसली. 'हितं कोनाडा व्हता. खालच्या अंगाला.' आम्हाला वाटलं पैसे बिसे पुरलेत. चुलते म्हणाले, आई, चल, ऊन लागंल. ती काही बोलली नाही. परत येताना पूर्ण वाटेत बोलली नाही.

रागावायची कशाला विचारलंत. पाणी सांडलं की. आणि कुणी भाकरीला ठेचा लावून उरली तशीच ठेवली की.

कोरडवाहू | ५ फेब्रुवारी, सकाळी ८.०५

वाचून गप्प बसलो थोडा वेळ. मालदांडीबद्दल दोन शब्द. आपण जी ३५-१ म्हणतो ती मोहोळच्या केंद्रावर इथल्याच जुन्या मालदांडीतून निवडलेली. नव्वद वर्षं होत आली आणि अजून तिच्या भाकरीला तोड नाही. आजींचं बरोबर होतं.

आत्ता आमच्याकडे काढणी तोंडावर आलीय. रब्बीची ज्वारी कापत नाहीत, उपटतात, हे शहरातल्या लोकांना सांगितलं की खरं वाटत नाही. दिवसभर उपटून तळहाताची सालं निघतात. मजूर मिळत नाही म्हणून लोक ज्वारी सोडून उसाकडे गेले. तुमच्या करमाळ्यात आता केळी. कंदरची केळी परदेशात जातात आणि ज्वारीची भाकरी मॉलमध्ये मिळते.

दुसरं एक. उजनीत एकूण पाणी ११७ टीएमसी, त्यातलं ६३ टीएमसी मृतसाठा. म्हणजे निम्म्याहून जास्त. धरण 'मायनस' मध्ये गेलं अशी बातमी येते ना, तेव्हा या मृतसाठ्यातलं पाणी चाललेलं असतं. तुमच्या आजींचं घर त्याच मृतसाठ्यात.

तलाठी आप्पा (निवृत्त) | ५ फेब्रुवारी, दुपारी ४.४०

पुनर्वसनाचा राज्याचा पहिला कायदाच १९७६ चा. तोपर्यंत धरणाचं काम सात वर्षं पुढे गेलं होतं. जमिनी मिळाल्या त्या कुटुंबप्रमुखाच्या नावाने, कुटुंबप्रमुख म्हणजे बाप्या. तुमच्या आजीचं नाव सात-बाराला आजोबांच्या पश्चात वारस म्हणून लागलं असेल, मुलांच्या ओळीत.

भीमाकाठ | ५ फेब्रुवारी, रात्री १०.००

हो. १९९१ च्या फेरफाराने. त्यातही नाव चुकलंय. माहेरचं लावलं होतं, मग तेच राहिलं.

माळरान | ६ फेब्रुवारी, सकाळी ९.१०

मी वर लिहिलेलं 'काय फरक पडतो' मागे घेतो. कोतवाल बुकाचं काय झालं ते नक्की कळवा.

भीमाकाठ | २७ मार्च, रात्री ८.३५

धागा वर काढतोय. नक्कल मिळाली. दोन हेलपाटे झाले, पण माणसं बरी भेटली. पानं मोडीत, म्हणून एका मोडी वाचणाऱ्या गृहस्थांना सोबत घेतलं होतं.

आप्पा, तुम्ही म्हणालात तसंच. आजीच्या वडिलांच्या नावापुढे तीन मुलींच्या नोंदी आहेत. १९२९ मार्गशीर्षात 'मुलगी'. १९३१ श्रावणात 'मुलगी'. १९३४ चैत्रात 'मुलगी'. एकीचंही नाव नाही. मधलीच्या मृत्यूची नोंद पुढच्याच वर्षाच्या पानावर सापडली, तापाने. राहिल्या दोन.

आजीला एक थोरली बहीण होती, अक्का. श्रीगोंद्याकडे दिली होती, पहिल्या बाळंतपणातच गेली. आता २९ ची अक्का आणि ३४ ची आजी, की अक्का या वहीत नाहीच आणि २९ ची आजी?

तलाठी आप्पा (निवृत्त) | २७ मार्च, रात्री ९.०२

शंका रास्त आहे. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. अक्का थोरली असेल तर तिची नोंद तुमच्या पणजीच्या माहेरच्या गावात असू शकते. मग या वहीतली २९ ची म्हणजे तुमची आजी. पण मग ३४ ची कोण? आजीला धाकटी बहीण होती का?

भीमाकाठ | २७ मार्च, रात्री ९.१५

आम्ही कुणी ऐकलेली नाही. मृत्यूच्या नोंदीतही नाही. पण दप्तराची दोन वर्षांची पानं वाळवीने खाल्लीत.

पंचांगवाली | २७ मार्च, रात्री ९.४०

लग्न ४६ च्या उन्हाळ्यात. २९ चा जन्म धरला तर सोळा पूर्ण, सतरावं चालू. ३४ चा धरला तर नुकतंच बारा भरलेलं.

भीमाकाठ, तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये आहे, लुगडं पायात येत होतं म्हणून मामाने कडेवर घेतलं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला कुणी कडेवर घेत नाही हो.

मुक्काम न्यू जर्सी | २७ मार्च, रात्री ११.५०

आणि थोरला मुलगा ४८ चा.

भीमाकाठ | २८ मार्च, रात्री १०.२५

ताई, हो.

काल रात्री हे वाचून आत्याला फोन लावला. तिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'त्या कोनाड्यात तिची बोळकी व्हती रं.' लग्नात माहेराहून येताना आजीने भातुकलीची मातीची बोळकी ओच्यात बांधून आणली होती. सासूला दिसू नयेत म्हणून चुलीमागच्या खालच्या कोनाड्यात कणगीच्या आड ठेवली. आत्याने लहानपणी ती बघितली होती, खेळायला मात्र मिळाली नाहीत. घर उतरवताना धांदलीत राहून गेली.

चुलत्यांना नक्कल दाखवली. त्यांनी चष्मा लावून ते मोडी पान उलटसुलट बघितलं, वाचता तर येत नाही. कार्ड छापून झालंय, आता वर्षश्राद्धाला काय लिहायचं, एवढंच विचारलं.

तलाठी आप्पा (निवृत्त) | २८ मार्च, रात्री १०.४०

चैत्र १९३४ लिहा.